बसल्या जागचे कष्ट

मोंझाच्या सर्किटवर पहिल्या वळणाकडे येणारी फॉर्म्युला वन गाडी ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास धावत असते. वळणात शिरण्यापूर्वी ती तीन सेकंदांच्या आत ताशी शंभराच्या खाली आणावी लागते. त्यासाठी चालक डाव्या पायाने ब्रेकवर शंभर किलोहून अधिक जोर देतो. त्या क्षणी गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर, म्हणजे पाच जी, त्याला पुढे खेचत असतो. धड पट्ट्यांनी आवळलेले असते, म्हणून ते जागेवर राहते. डोके मात्र असे आवळलेले नसते. ते मानेनेच आवरायचे. पाठोपाठ गाडी उजवीकडे वळते आणि डोके डावीकडे ओढले जाते, लगेच ती डावीकडे वळते आणि डोके उजवीकडे. हे झाले एका जोडवळणाचे. शर्यत ५३ फेऱ्यांची आणि प्रत्येक फेरीत अकरा वळणे. एवढ्या वेळात चालक आसनावरून बोटभरही हललेला नसतो.

शर्यतीच्या चालकाचा व्यायाम समजून घ्यायचा, तर या न हलण्यापासूनच सुरुवात करावी लागते. धावणाऱ्याचा स्नायू आखडतो आणि सैल होतो. सैल होताना त्यात ताजे रक्त शिरते. चालकाचे मान, खांदे, पोट आणि हात यांचे स्नायू ताठ राहून भार धरून ठेवतात. ताठ स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, हृदयाला जास्त जोराने रक्त ढकलावे लागते आणि रक्तदाब चढतो. त्यात जोरात ब्रेक दाबताना श्वास आपोआप रोखला जातो. शर्यतीत चालकाच्या नाडीचे ठोके मिनिटाला दीडशेच्या वर, चुरशीच्या वेळी १८० पर्यंत जातात आणि तास-दीड तास चढेच राहतात. त्यातला काही भाग श्रमाचा, काही उष्णतेचा आणि काही ताणाचा असतो. ही तिन्ही ओझी एकाच हृदयावर पडतात.

गाडीला वेग इंजिन देते; चालकाच्या बळाने तो वाढत नाही. मग बळ कशासाठी? पहिल्या फेरीत ब्रेक जिथे दाबला, नेमका तिथेच आणि तेवढ्याच जोराने तो शेवटच्या फेरीतही दाबता यावा, यासाठी. थकलेला पाय ब्रेक थोडा उशिरा दाबतो, थकलेली मान डोके कलू देते आणि नजर वळणाच्या आतल्या कडेवरून सरकते. शरीराचे दुखणे मनाला आपल्याकडे ओढते, आणि त्याच वेळी त्या मनाने टायरची झीज, इंधन, मागून येणारी गाडी आणि रेडिओवरचा निरोप सांभाळायचा असतो. चालकाची ताकद कमवायची ती मन मोकळे राहावे म्हणून. या क्षेत्रातले जाणते प्रशिक्षक व्यायामाची आखणी करताना हीच कसोटी लावतात.

हे पटायला खेळाला बराच काळ लागला. विश्वविजेतेपदाची मालिका १९५० साली सुरू झाली, तेव्हा चालकाकडून धैर्य, हात आणि यंत्राची जाण अपेक्षित असे, कसरत नव्हे. तरीही शरीराची परीक्षा तेव्हाही कमी नव्हती. जानेवारी १९५५ मध्ये ब्यूनोस आयर्सला रणरणत्या उन्हात तीन तासांची शर्यत झाली. बहुतेक चालक अर्ध्यावर गाडीतून उतरले आणि त्यांच्या गाड्या दुसऱ्यांनी चालवल्या. एकट्याने शेवटपर्यंत गाडी चालवणारे दोघेच होते, हुआन मान्वेल फान्जिओ आणि रोबेर्तो मिएरेस; दोघेही अर्जेंटिनाचेच. फान्जिओ ४३ वर्षांचा होता. तापलेल्या सांगाड्याला लागून त्याचा पाय भाजला होता, तरी तो जिंकला.

पुढे गाड्यांच्या पंखांनी आणि तळाच्या रचनेने त्या जमिनीला चिकटू लागल्या. वळणातला वेग वाढला आणि त्याबरोबर मानेवरचा भारही. १९८० च्या दशकाच्या आरंभी यंत्र शरीराच्या पुढे निघून गेल्याचे उघड दिसू लागले. १९८२ मध्ये रिओला पहिला आलेला नेल्सन पिके विजयमंचावरच कोसळला. १९८४ मध्ये डॅलसच्या उन्हात नायजेल मॅन्सेल बंद पडलेली गाडी रेषेपार ढकलता ढकलता बेशुद्ध पडला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीला आपली दुसरीच शर्यत चालवणाऱ्या आयर्टन सेनाने सहावा येऊन पहिला गुण मिळवला खरा, पण नंतर त्याला मान-खांद्यांच्या पेटक्यांवर उपचार घ्यावे लागले. सेनाने हे मनावर घेतले. ब्राझीलचे प्रशिक्षक नुनो कोब्रा यांच्याकडे त्याने धावण्यापासून सुरुवात केली आणि दमसास वाढवला. १९९१ मध्ये ब्राझीलमधल्या इंटरलागोसला गिअरबॉक्स बिघडला, शेवटच्या फेऱ्या त्याने केवळ सहाव्या गिअरवर काढल्या आणि शर्यत जिंकली. त्यानंतर त्याला करंडक उचलणेही जड गेले. सात वर्षांच्या मेहनतीनंतरचे हे शरीर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुपारची किंमत कळते.

त्याआधी या तयारीचा एक धागा ऑस्ट्रियात सुरू झाला होता. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्यूरबर्गरिंगवर निकी लाउडा गाडीला लागलेल्या आगीत होरपळला. त्यानंतर ४२ दिवसांनी तो मोंझाला उतरला आणि चौथा आला. त्याला उभे करण्यात विली डुंगल या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाचा मोठा वाटा होता. मालिश, आहार, श्वसन आणि हालचाल यांचा एकत्र विचार करणारा माणूस चालकाच्या सोबत असावा, ही कल्पना तिथून रुजली. इटलीत विआरेज्जोला डॉ. रिकार्डो चेकारेल्ली यांनी चालकांसाठी वैद्यकीय केंद्र उभारले. फिनलंडचे डॉ. आकी हिंत्सा यांनी इथिओपियात लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या सहवासात घेतलेला अनुभव मॅक्लारेन संघात आणला. सामान्य प्रेक्षकांच्या नजरेत मात्र हा बदल भरला तो मायकेल शूमाकरमुळे. १९९० च्या दशकात इतर चालक गाडीतून लटपटत उतरत, तेव्हा तो ताजातवाना दिसे. ते पाहून प्रतिस्पर्ध्यांना व्यायामशाळेची वाट धरावीच लागली.

चालकाच्या शरीरात सर्वांत जास्त मेहनत मानेवर घ्यावी लागते. डोके आणि हेल्मेट मिळून साधारण साडेसहा किलो भरतात. पाच जी भाराच्या वळणात त्याचे ३२ किलोंच्या आसपास होतात, तेही बाजूला ओढणारे. हा भार एकदा पेलणे कोणत्याही धडधाकट माणसाला जमेल; दर फेरीत दहा-बारा वेळा, दीड तास पेलणे जमणार नाही. त्यासाठी डोक्याला पट्टा किंवा खास हेल्मेट बांधून त्याला रबरी दोर, कप्पी आणि वजने जोडतात. कधी प्रशिक्षक हाताने ओढ देतो आणि चालक डोके तसूभर न हलवता धरून ठेवतो. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि तिरके, अशा सर्व दिशांना हे चालते. कधी ओढ अचानक वाढवतात, कारण गाडी पूर्वसूचना देऊन उसळत नाही.

आपल्याकडच्या तालमीत मल्लाची मान कमावलेली असते. चालकाची मानही कमावलेलीच, पण दोहोंच्या कमाईत फरक आहे. मल्लाला डाव मोडण्यासाठी थोड्या वेळात प्रचंड जोर लागतो. चालकाला मध्यम जोर पुन्हा पुन्हा, न थकता लागतो. शिवाय मान फार जाड झाली तर वजन वाढते आणि कॉकपिटमध्ये अडचण होते. म्हणून जोराइतकाच चिवटपणाही मोजावा लागतो.

मानेच्या दोन्ही बाजू सारख्या तयार होत नाहीत, हीही एक गोम आहे. बहुतेक सर्किटे घड्याळाच्या दिशेने फिरतात, तिथे उजवी वळणे जास्त. इंटरलागोस, ऑस्टिन, सिंगापूर ही उलट्या दिशेची. इस्तंबूलचे आठवे वळण तर डावीकडे लांबच लांब चालते. अशा ठिकाणी मानेची कमी सरावलेली बाजू आधी हार मानते आणि चालक डोके आसनाच्या उशीला टेकवतो. तसे टेकलेले डोके गाडीच्या प्रत्येक कंपाबरोबर थरथरते आणि डोळ्यांपुढचे चित्र धूसर होते. अशा शर्यतीच्या काही आठवडे आधीपासून डाव्या बाजूवर जास्त मेहनत घेतात.

मानेचा खरा व्यायाम गाडी चालवण्यातच होतो. पूर्वी संघ वर्षभर हजारो किलोमीटर सराव करत, त्यामुळे मान आपोआप तयार राही. २००९ पासून मोसमातल्या सरावावर कडक निर्बंध आले. सिम्युलेटरवर मार्ग पाठ होतो, पण मानेवर खरा भार येत नाही. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या सरावाला बहुतेकांची मान दुखते ती याच कारणाने. मार्गावर न मिळणारा भार आता व्यायामशाळेत उभा करावा लागतो.

पायांचे काम ब्रेकचे. चालक जवळजवळ निजल्यासारखा बसतो, टाचा कमरेच्या वर असतात. त्या अवस्थेत मांडी, नितंब आणि पोटरी मिळून जोर लावतात, आणि लगेच तो जोर मिलिमीटरच्या हिशेबाने सोडावा लागतो. जोर लावण्यापेक्षा सोडणे अवघड. म्हणून बैठका, एकपायी उठाबशा आणि पायाने वजन ढकलणे यांबरोबर ठरलेला दाब ठरल्या वेळात कमी करण्याचा सरावही यंत्रावर घेतात.

या सगळ्याचा पाया पोट, कंबर आणि पाठ. धड पक्के नसेल तर हातांना आधारासाठी स्टीअरिंग घट्ट धरावे लागते. घट्ट धरलेल्या हाताला टायरची घसरण कळत नाही. २०२२ मध्ये गाड्यांची तळरचना बदलली आणि सरळ मार्गावर गाड्या जमिनीवर आपटू लागल्या. त्या वर्षी बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टनला पाठदुखीने गाडीबाहेर पडणे कठीण झाले होते. व्यायामाने भागेल असे ते दुखणे नव्हते. नियंत्रक संस्थेने अशा आदळण्याला मर्यादा घालणारा नियम केला, ते उचित झाले. शरीर किती सोसेल यापेक्षा त्याला किती सोसायला लावावे, हा प्रश्न आधीचा आहे.

हातांच्या बाबतीत गाडीगाडीत फरक पडतो. फॉर्म्युला वनमध्ये पॉवर स्टीअरिंग असते. अमेरिकेच्या इंडीकारमध्ये नसते, फॉर्म्युला टूमध्येही नसते. म्हणजे वरच्या पायरीकडे जाणाऱ्या तरुणाला खालच्याच पायरीवर खांदे आणि मनगटे जास्त झिजवावी लागतात. स्त्री-चालकांना हे विशेष जाचते, कारण स्त्री-पुरुषांच्या ताकदीतला फरक शरीराच्या वरच्या भागात अधिक असतो. कोलंबियाची तातियाना काल्देरोन २०१९ मध्ये सध्याच्या फॉर्म्युला टू मालिकेत उतरणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा हा प्रश्न ठळक झाला. योग्य मेहनतीने लागणारी ताकद स्त्रियांना कमावता येते, यात शंका नाही. पण पुरुषाच्या मापाने बेतलेले आसन, पेडल आणि स्टीअरिंग त्यांच्या वाट्याला आले, तर दोष त्यांच्या दंडांना देणे अन्यायाचे आहे. विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत गुण मिळवणारी आजवरची एकमेव स्त्री म्हणजे इटलीची लेल्ला लोम्बार्दी, १९७५ सालची. तेव्हा तर पॉवर स्टीअरिंग कोणालाच नव्हते.

उष्णता हा या विषयातला सर्वांत धोक्याचा भाग. आगीपासून रक्षण करणारा पोशाख, त्याखाली आतले कपडे, मोजे, हातमोजे, डोक्यावर कानटोपी आणि वर हेल्मेट. आगीला अडवणारे हे कापड घामालाही अडवते. घाम सुकला तरच अंग थंड होते. इथे तो नुसता वाहतो. सिंगापूरसारख्या दमट शहरात शर्यत रात्री असूनही कॉकपिट ५० अंशांच्या आसपास तापते आणि शर्यत पूर्वी अनेकदा दोन तासांच्या मर्यादेपर्यंत लांबे. चालकाचे वजन दोन-तीन किलोंनी उतरते, ते सगळे पाणीच. अंगातले पाणी शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घटले की लक्ष विचलित होऊ लागते. सत्तर किलोंच्या माणसाला ही मर्यादा दीड लिटरच्या आतच गाठते. गाडीत नळीने पिण्याची सोय असते, पण काही फेऱ्यांत ते पाणी चहाइतके गरम होते.

यावर उपाय अंगाला उष्णतेची सवय लावण्याचा. गरम खोलीत सायकल चालवणे, सौना, व्यायामानंतर गरम पाण्यात बसणे असे दहा-चौदा दिवस केले तर घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते आणि रक्तातला द्रव वाढतो. घामातून किती मीठ जाते हे माणसागणिक वेगळे असते. म्हणून चालकाचा घाम तपासून त्याचे पेय ठरवतात. शर्यतीआधी बर्फाचे जाकीट घालतात.

तरीही शरीराला मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतारची शर्यत रात्री झाली. टायर १८ फेऱ्यांहून अधिक वापरायचे नाहीत असा त्या दिवशीचा नियम होता, त्यामुळे टायर जपण्यासाठी वेग आवरण्याचे कारण उरले नाही आणि चालक ५७ फेऱ्या पूर्ण जोराने चालवत राहिले. एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली, ॲलेक्स अल्बनला वैद्यकीय कक्षात न्यावे लागले. सगळे कसलेले तरुण, एकाचाही सराव कमी नव्हता. या धक्क्यानंतर नियंत्रक संस्थेने अंगाभोवती बारीक नळ्यांतून थंड द्रव फिरवणारा पोशाख आणला, आणि २०२५ मध्ये सिंगापूरला उष्णतेच्या धोक्याची पहिली अधिकृत घोषणा झाली.

वजनाचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. गाडी आणि चालक यांचे एकत्र वजन धरले जाई, त्यामुळे चालक जितका हलका तितका संघाला फायदा. २०१४ मध्ये नवी इंजिने जड झाली आणि ते ओझे चालकांच्या अंगावरून उतरवले गेले. ज्यां-एरिक व्हेर्न उपासमारीसारखा आहार आणि सौना यांनी अशक्त होऊन इस्पितळात दाखल झाला. ॲड्रियन सुटिल पाण्याची बाटली न घेता शर्यतीत उतरला. वाल्तेरी बोटासने पुढे उघडपणे सांगितले, की त्या काळात वजन घटवण्याच्या नादात त्याला खाण्याचा विकार जडला होता. २०१६ च्या विजेतेपदाच्या चुरशीत निको रोसबर्गने पायांचे स्नायू उतरावेत म्हणून सायकल बंद केली. २०१९ पासून चालक आणि आसन यांचे मिळून किमान ८० किलो वजन ठरले, २०२५ मध्ये ते ८२ झाले. कमी पडेल तेवढे वजन आसनापाशीच ठेवायचे. हा साधा नियम करायला इतकी वर्षे लागायला नको होती. तो आल्यावर उंच चालक पोटभर जेवू लागले आणि खांद्यांवर मांस धरू लागले.

नजर आणि प्रतिसाद यांच्या सरावाचे प्रेक्षकांना फार कौतुक वाटते. भिंतीवर उजळणारे दिवे टिपणे, अनपेक्षित दिशेने येणारे चेंडू झेलणे, हे चित्रफितींत छान दिसते. त्याचा उपयोग आहे, पण मर्यादित. झोप पुरेशी नसेल तर असा सराव फुकट जातो. मोसमात २४ शर्यती आणि आशिया-अमेरिका-युरोप असा प्रवास असताना झोपेचे वेळापत्रक, उजेडाची वेळ आणि जेवणाची वेळ आखणे हेच प्रशिक्षकाचे निम्मे काम होऊन बसले आहे.

म्हणूनच जड मेहनत हिवाळ्यातल्या विश्रांतीच्या महिन्यांत उरकावी लागते. त्या काळात सायकल, धावणे, पोहणे, वल्हवणे किंवा बर्फावरचे स्कीइंग यांनी दम वाढवतात आणि वजने उचलून ताकद कमावतात. मोसम सुरू झाला की कमावलेले टिकवायचे. शर्यतीच्या आठवड्यात तर फक्त सांधे मोकळे ठेवायचे.

इतर शर्यतींत मापे बदलतात. ल मांसच्या २४ तासांच्या शर्यतीत तीन चालक आळीपाळीने बसतात; तिथे मध्यरात्री उठून थंड अंगाने गाडीत शिरण्याची तयारी लागते. रॅलीत गाडी हवेत उडून आदळते, तो मार पाठीच्या कण्यावर बसतो. कार्टला स्प्रिंगच नसतात, त्यामुळे बरगड्या आणि हातांचे पंजे भरडले जातात. बरगड्यांना संरक्षक कवच बांधतात ते यासाठी.

भारतातले बहुतेक चालक या कार्टमधूनच येतात. २०२० मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय, मुंबईचा जेहान दारूवाला, त्याच वाटेने गेला. कोइमतूरचे कारी आणि चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टै या सर्किटांवर उष्णतेची सवय वेगळी लावावी लागत नाही. तिथे सराव करणाऱ्या मुलाला पाणी आणि मीठ वेळेवर मिळाले तरी पुष्कळ. कोल्हापुरात तालमी आहेत तसा कार्टिंगचा मार्गही आहे. अशा ठिकाणी आठ-दहा वर्षांची मुले हेल्मेट घालून बसतात, तेव्हा लहान मानेला हेल्मेट प्रमाणाने फार जड होते. या वयात मानेला वजने बांधू नयेत. पोहणे, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या, पळापळीचे खेळ आणि स्वतःच्या हाताचा हलका विरोध एवढे पुरे. मोठ्यांची कोष्टके मुलांवर लादण्याची घाई पालकांना होते. ती घाई मुलाच्या मणक्यांना भोवते.

कमावलेल्या शरीराचा उपयोग अपघातातही होतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमां ग्रोजांची गाडी ६७ जीच्या आघाताने कठड्यात घुसून पेटली. चालकाच्या डोक्यावरची हेलोची कमान, मान सांभाळणारा हॅन्स आणि पोशाख यांनी त्याला शुद्धीवर ठेवले. पण जाळातून अडकलेला पाय उपसून, अंग वर ओढून तो सुमारे २८ सेकंदांत बाहेर आला, ते स्वतःच्या खांद्यांच्या बळावर.

अपघातातून सावरायला कित्येक वर्षे लागली ती रॉबर्ट कुबिचाला. फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीतल्या एका रॅलीत कठड्याची पट्टी गाडीत घुसली आणि त्याचा उजवा हात जवळजवळ तुटलाच. अनेक शस्त्रक्रियांनंतरही मनगट पूर्ववत वळेना. त्याने वजन उतरवले, सायकलीवर दम परत मिळवला आणि स्टीअरिंगचे बहुतेक काम डाव्या हाताकडे सोपवण्याचा सराव केला. २०१९ मध्ये तो विल्यम्स संघातून फॉर्म्युला वनमध्ये परतला. त्या संघाला त्या मोसमात एकच गुण मिळाला, जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या पावसात, आणि तो कुबिचाने मिळवला.